नटाचा धंदा आणि ज्ञातीची वही

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय शोधण्यासाठी आम्हांस दूर जावे लागले नाही. तो विषय गेल्या माघ महिन्यात आपल्या कार्यालयात आमच्यापुढे येऊन बसला होता. वधूवर-सूचक विभागाची नोंदवही सांभाळण्याचे काम सेवानिवृत्तीपासून आमच्याकडे आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. लालबागच्या एक भगिनी मुलाचा अर्ज घेऊन आल्या. ‘व्यवसाय’ ह्या रकान्यात त्यांनी ‘खाजगी नोकरी’ असे लिहिले होते. सोबतच्या छायाचित्रातील चेहरा आम्हांस ओळखीचा वाटला. रात्रीच्या एका मालिकेत कंपाउंडरचे काम करणारा तो तरुण आमच्या घरात रोज दिसत असे. आम्ही तसे विचारताच त्या बाईंनी आवाज खाली आणला आणि म्हणाल्या, “होय गुरुजी, तोच तो. पण ‘नट’ असे लिहिले तर स्थळ येईल का?”

आम्ही निरुत्तर झालो. ते उत्तर आज आपणां सर्वांसमोर शोधावे, एवढाच ह्या भाषणाचा हेतू आहे.

ही लपवाछपवी आजची नाही; ती ह्या धंद्याइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट दादरला तयार केला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात तो लोकांपुढे आणला. त्या काळी सिनेमात काम करतो म्हणणाऱ्यास समाजात मान नव्हता. म्हणून फाळके यांनी आपल्या नटांस सांगून ठेवले होते, असे म्हणतात, की कोणी विचारल्यास हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीस आहोत असे सांगावे. शंभराहून अधिक वर्षे लोटली. तेव्हाचा ‘कारखाना’ आज आपल्या वहीत ‘खाजगी नोकरी’ होऊन बसला आहे!

तारामतीच्या कामासाठी फाळके यांना स्त्री मिळेना. अखेर ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके त्यांच्या दृष्टीस पडले. तेथे त्यांस महिना १० रुपये मिळत. फाळके यांनी १५ रुपये देऊ केले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. म्हणजे आपल्या चित्रपटाची पहिली नायिका पाच रुपयांच्या वाढीवर मिळाली. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामे साळुंके यांनीच केली. कीर्ती, कला, ईश्वरी देणगी हे शब्द मागाहून आले. प्रथम आला तो पगार. नट हा आधी कामकरी माणूस आहे, ही गोष्ट ध्यानात धरल्यास पुढचे सारे समजण्यास सोपे जाते.

‘मोहिनी भस्मासुर’मध्ये फाळके यांना खऱ्या स्त्रिया लाभल्या, त्या दुर्गाबाई कामत आणि त्यांच्या कन्या कमलाबाई. कमलाबाई गोखले यांचे पुत्र चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले. सुताराच्या घरी रंधा आणि सोनाराच्या घरी फुंकणी जशी बापाकडून मुलाकडे जाते, तसा ह्या घरात अभिनय पिढ्यानुपिढ्या गेला. हा धंदा नव्हे असे कोण म्हणेल?

पुढे स्टुडिओंचा काळ आला. १९२९ पासून दादरच्या रणजित कंपनीत नट, वादक, सुतार, शिंपी असे शेकडो लोक महिन्याच्या पगारावर असत. १९४२ मध्ये व्ही. शांताराम यांनी परळला राजकमल कलामंदिर उभारले. गिरणीचा भोंगा आणि स्टुडिओची घंटा एकाच वस्तीत ऐकू येई. पगारी नटास हजेरी होती, वरिष्ठांची बोलणी होती. पण पहिल्या तारखेस घरात पैसाही येत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत मोडत गेली. मोठ्या नटांस त्यात लाभ झाला, कारण ते चित्रपटागणिक आपली किंमत ठरवू लागले. लहान नटाचा मात्र पगार गेला आणि तो रोजंदारीवर आला.

ह्या बदलाचे दोन जिवंत दाखले देतो. भगवान आभाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा, यांचा जन्म १९१३ चा. ‘राजा हरिश्चंद्र’चेच वर्ष. वडील गिरणीत, स्वतःही आरंभी गिरणीत. १९५१ च्या ‘अलबेला’ने त्यांस जुहूचा बंगला दिला आणि आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी वेगळी मोटार दिली, असे लोक कौतुकाने सांगतात. पुढचे चित्रपट पडले; बंगला गेला, मोटारी गेल्या. दादरच्या चाळीतील घरात ते राहिले, मिळतील ती लहान कामे करीत राहिले आणि ४ फेब्रुवारी २००२ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. ह्या कथेचे तात्पर्य आपण ‘उधळेपणाचे फळ’ एवढेच काढतो. ते अपुरे आहे. गिरणीतील साध्या जॉबरला प्रॉव्हिडंट फंड होता. भगवानदादांच्या धंद्यात तशी सोयच नव्हती. पडत्या काळात धरावयास काही नसेल, तर चढत्या काळातील शहाणपणही फार दिवस पुरत नाही.

दुसरा दाखला ललिता पवार यांचा. १९४२ साली एका चित्रीकरणात थप्पड मारण्याचा प्रसंग होता. ती थप्पड भगवानदादांच्या हातून चुकून जोरात बसली. बाईंच्या चेहऱ्यास अर्धांगवायू झाला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेचा चेहराच तिचे भांडवल. ते एका क्षणात गेले. तथापि दीर्घ उपचारांनंतर बाई पुन्हा उभ्या राहिल्या, सासू आणि आई यांच्या भूमिका घेऊ लागल्या आणि १९८७ च्या दूरदर्शन-‘रामायणा’त मंथरा होऊन घरोघरी पोहोचल्या. त्यांच्या धैर्यास आम्ही वंदन करतो. पण कामावर झालेल्या इजेची भरपाई ज्याने त्याने स्वतःच्या धैर्यातूनच करावयाची, हा कोणत्याही धंद्याचा नियम असू नये.

मग आपल्या गिरगाव-परळ भागातील एवढी माणसे ह्या धंद्यात टिकली कशी? त्याचे उत्तर सोपे आहे. त्यांच्या पाठीशी दुसरी मिळकत होती. दिवसा गिरणीत पाळी करून रात्री दामोदर हॉलमध्ये नाटक करणारे कामगार आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. नायगावच्या चाळीत वाढलेले दादा कोंडके ‘अपना बाजार’मध्ये नोकरीस होते, ‘सोंगाड्या’ आला तो १९७१ मध्ये. अशोक सराफ यांनी अनेक वर्षे स्टेट बँकेत नोकरी केली. त्यांस २०२५ साली पद्मश्री मिळाली. गिरगावचे लक्ष्मीकांत बेर्डे मुंबई मराठी साहित्य संघात नोकरीस होते. नोकरीने घर चालविले म्हणून रंगभूमीस हे नट मिळाले. आपण त्यांच्या हुशारीचे गोडवे गातो. त्यांच्या हजेरीपटाचे ऋण मात्र विसरतो.

तो आधार आता राहिला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी-संप सुरू झाला आणि परळ-लालबागचे अर्थकारणच कोसळले. दुसरीकडे नटाच्या कामाचे स्वरूपही पालटले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा वरळीच्या केंद्रात अधूनमधून काम करून नोकरी सांभाळता येई. पुढे खाजगी वाहिन्या आल्या, रोजच्या मालिका आल्या. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘चार दिवस सासूचे’ ह्या मालिकेचे तीन हजारांवर भाग झाले. रोज एक भाग द्यावयाचा म्हणजे रोज चित्रीकरण करावयाचे. तेही आता गोरेगाव, मढ, ठाणे, मीरा रोड अशा ठिकाणी. बारा तासांची पाळी, त्यावर जाण्यायेण्याचे तीन तास. अशा माणसास दुसरी नोकरी कोण देणार? आणि उद्या कथेत ते पात्र परगावी गेले, की ह्याचे काम संपले!

थोडे गणित मांडू. मास्तरकीची खोड जात नाही. समजा, लहान भूमिकेच्या नटास दिवसाला ३,००० रुपये ठरले आणि महिन्यात १० दिवस काम मिळाले. झाले ३०,०००. काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थाचे शेकडा १५ धरले तर ४,५०० गेले. आयकरापोटी शेकडा १० प्रमाणे ३,००० कापले गेले. उरले २२,५००. त्यातून प्रवास आणि पुष्कळदा भूमिकेचे कपडेही स्वतःचेच. आणि हे पैसे तरी केव्हा मिळतात? मालिकांच्या धंद्यात नव्वद दिवसांनी पैसे देण्याची चाल पडली आहे. म्हणजे श्रावणात केलेल्या कामाचे पैसे कार्तिकात. वाणी, घरमालक आणि मुलांची शाळा नव्वद दिवस थांबत नाहीत.

२०२० साली महामारी आली, तेव्हा हे सारे उघडे पडले. मार्चमध्ये चित्रीकरणे बंद झाली. पुढे ती सुरू करताना सरकारने ६५ वर्षांवरील कलावंतांस चित्रीकरणस्थळी येण्यास मनाई केली. हेतू प्रकृतीच्या काळजीचा असेल. पण ज्याचे पोट आजोबांच्या भूमिकेवर, त्याने काय करावे? एक वृद्ध नट उच्च न्यायालयात गेले आणि ७ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती मनाई रद्द केली. निवृत्तिवेतन असलेले आमच्यासारखे लोक त्या वेळी घरात सुखाने बसलो होतो. त्यांना मात्र म्हातारपणी काम करू द्या, म्हणून कोर्टाची पायरी चढावी लागली.

आता एक कबुली दिली पाहिजे. संपानंतरच्या त्या कठीण वर्षांत आमच्या वर्गात एक गुणी मुलगा होता. स्नेहसंमेलनातील त्याचे काम पाहून एका बालनाट्य-दिग्दर्शकाने त्यास मागितले. गिरणी सुटलेले त्याचे वडील आमच्याकडे सल्ला विचारावयास आले. आम्ही क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, “नाटकाने पोट भरत नाही. त्यास अभ्यास करू द्या.” मास्तरांचा शब्द म्हणून त्यांनी तो मानला. मुलगा पुढे एका दुकानात लागला. तो नट झाला असता की नाही, हे कोणी सांगावे? कदाचित आमचा सल्ला बरोबरही असेल. पण त्या धंद्यात पैसे कसे मिळतात, कोणास मिळतात, किती दिवस मिळतात, ह्यांपैकी एकही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. माहिती नसता आम्ही निकाल दिला. शिक्षकास हा दोष शोभत नाही आणि ज्ञातीसही शोभत नाही.

आपण दरवर्षी ह्या व्यासपीठावर एखाद्या प्रसिद्ध कलावंतास शाल-श्रीफळ देतो. ते अवश्य द्यावे. पण ज्याचा चेहरा ठाऊक आणि नाव ठाऊक नाही, अशा नटासाठी आमच्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, आपल्या साहाय्यक निधीची. उसनवारीसाठी आपण पगारपत्रक मागतो. नटाजवळ ते नसते; करारपत्र असते. ते ग्राह्य धरून तीन महिन्यांच्या गरजेपुरती बिनव्याजी रक्कम द्यावी आणि त्याचे पैसे आले की परत घ्यावी.

दुसरी, वृद्धांची. ५० वर्षांवरील गरजू कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे. २०२४ मध्ये ते मानधन महिना ५,००० रुपये झाले. अर्ज आणि दाखले यांच्या कटकटीत अनेक जण मागे राहतात. आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी अशा घरी जाऊन अर्ज भरून द्यावेत.

तिसरी, आईबापांस. मुलाने वा मुलीने नट होईन म्हटले तर रागावू नका आणि हुरळूनही जाऊ नका. वर मांडलेले गणित त्यांजकडून सोडवून घ्या. शिक्षण पुरे करावे, कराराची प्रत जवळ ठेवावी, कलावंतांच्या संघटनेचे सभासद व्हावे आणि आलेल्या रुपयातील चार आणे बाजूला टाकावेत. एवढे करून जो जाईल, त्यास आशीर्वाद द्या.

आणि स्थळ पाहताना? मुलीच्या बापाने मिळकतीची चौकशी जरूर करावी. तो त्याचा हक्कच आहे. ती दुकानदाराची करावी तशी नटाचीही करावी. चौकशीपूर्वीच नकार मात्र देऊ नये.

त्या भगिनींचा अर्ज आमच्या वहीत आजही ‘खाजगी नोकरी’ असाच आहे. तो शब्द खोडण्याचा अधिकार आमचा नाही, त्या माउलीचा आहे. पुढच्या खेपेस त्या कार्यालयात येतील, तेव्हा “खुशाल ‘नट’ लिहा, बाई” असे आम्हांस सांगता यावे, इतके बळ आपण सर्वांनी आम्हांस द्यावे.