नाव नसलेला बैल

माझे आजोबा हेडी होते. बाजारात रुमालाखाली बोटं दाबून बैलांचे सौदे जुळवून देणं हा त्यांचा धंदा. खिल्लार आला की त्यांची नजर शिंगांवर जाई. हिर्डोशीकडचा बैल आला की ते वाकून खूर बघत. "दिसायला काही नाही, पण चिखलात हाच टिकतो," म्हणत.

भोरहून वरंध घाटाकडे जाताना नीरा-देवघरच्या पाण्याकडेनं हिर्डोशी लागतं. हा जुना हिरडस मावळ. पावसाळ्यात दिवसचे दिवस ऊन नाही. उतारावर टप्प्याटप्प्यानं भातखाचरं, काही इतकी अरुंद की ट्रॅक्टर वळायचा नाही. तिथं हा बुटका, हलका बैल चिखलणी करतो, डोंगरावर चरतो, पेंढ्यावर भागवतो. गाय दूध देते ते वासरापुरतं आणि चहापुरतं. हिशेबाच्या वहीत तोट्याचंच जनावर.

तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यांना मी बैलाची जात विचारली. "कसली जात? गावात जन्मला म्हून गावठी." मी शब्दांत रमणारा माणूस, तिथंच अडलो. उत्तरेला अकोले-इगतपुरीच्या डोंगरातल्या गुरांना 'डांगी' हे नाव आहे. त्यांच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, पाऊस अंगावरून निथळतो. राजूरला त्यांचं प्रदर्शन भरतं. घाटाखालच्या कोकण कपिलाचीही राष्ट्रीय नोंद झाली. मावळातलं गुरू मात्र बेनाव. नाव नाही म्हणून निवडलेला वळू नाही, वळू नाही म्हणून रेतनाची कांडी येते ती दुसऱ्याच जातीची.

2019 च्या पशुगणनेत देशातली देशी गाई-बैलांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा 6 टक्क्यांनी घटली, संकरित सुमारे 27 टक्क्यांनी वाढली. पॉवर टिलर आला. म्हातारा बैल विकून नवा घ्यायचं आजोबांच्या काळचं चक्र 2015 च्या कायद्यानंतर अडलं. त्यावर मतं निरनिराळी असतील. पण गोऱ्हा ठेवताना शेतकरी आता दहादा विचार करतो, हे खरं. गाईला हात जोडणारे पुष्कळ भेटतात, चारा घालणारा तो एकटाच.

त्या म्हाताऱ्यांच्या अंगणात काळ्या खुरांचा एक खोंड बांधला होता. "बडवायचा राहिलाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "नका बडवू. वळू म्हणून राहू द्या."

ते हसले. "चारा तुमी धाडनार का?"