अँटी-डंपिंग शुल्क : हिशेब कुणाचा, भार कुणावर?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजचा विषय कळल्यावर तुमच्यातल्या दोघी-तिघी मला म्हणाल्या, "ताई, हे आयात-निर्यातीचं आमच्या डोक्यावरून जाणार." मीही अर्थतज्ज्ञ नाही. यंत्रमागाच्या गावांत कामगार बायकांबरोबर काम करताना हा विषय माझ्या पुढ्यात येऊन पडला. तो कसा पडला, तिथूनच सुरुवात करते.

2016 साली इचलकरंजीत कांड्या भरणाऱ्या बायकांची एक बैठक होती. साध्या मागाच्या धोट्यात जी कांडी बसते ती सुतानं भरून द्यायची, हे काम तिथं बऱ्याच बायका करतात. जेवढं काम तेवढी मजुरी. बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, दर जिथल्या तिथं आहे. मालक म्हणतात, सरकारनं बाहेरच्या मालावर कसलातरी कर बसवलाय, त्यानं सूत महाग पडतंय. ताई, बाहेरचा माल आणि माझी कांडी, यांचा संबंध काय?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचायला लागले. जे समजलं ते तुमच्यापुढे मांडते.

मालक ज्याला 'कसलातरी कर' म्हणत होते तो होता अँटी-डंपिंग शुल्क. आता डंपिंग म्हणजे नुसता स्वस्त माल नव्हे. समजा, एका देशातली कंपनी एक पलंगपोस आपल्या देशात 120 रुपयांना विकते आणि तोच आपल्याकडे 100 रुपयांना पाठवते. म्हणजे घरच्या गिऱ्हाइकाला महाग आणि परक्याला स्वस्त. याला म्हणतात डंपिंग. पण तीच कंपनी दोन्हीकडे 80 रुपयांनाच विकत असेल, तर आपल्याला तो माल कितीही स्वस्त वाटला तरी या कायद्याच्या भाषेत ते डंपिंग नाही.

शुल्क बसवायचं तर तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. पहिली, डंपिंग झालं. दुसरी, आपल्याकडे तोच माल बनवणाऱ्या उद्योगाची हानी झाली किंवा होऊ घातली आहे. तिसरी, ती हानी या डंपिंगमुळेच झाली. नोटाबंदीनं किंवा वीजदरानं कारखाना बसला असेल, तर त्याचं खापर बाहेरच्या मालावर फोडता येत नाही.

तिन्ही सिद्ध झालं तर शुल्क किती? वरच्या उदाहरणात फरक 20 रुपयांचा, म्हणजे 100 रुपयांच्या मालावर जास्तीत जास्त 20 टक्के. 12 टक्क्यांनीच आपल्या उद्योगाची हानी भरून निघत असेल, तर भारताच्या नियमांप्रमाणे 12 टक्केच. साध्या आयात शुल्कापेक्षा हे वेगळं असतं. ते ठराविक देशाच्या ठराविक मालावर बसतं, आणि एकाच देशातल्या दोन कंपन्यांना दोन वेगळे दरही लागू शकतात. मुदत साधारण पाच वर्षांची, पुढे फेरतपासणी करून ती वाढवता येते.

याचं मूळ 1947 सालच्या गॅट करारातल्या सहाव्या कलमात आहे. 1995 साली जागतिक व्यापार संघटना आली तेव्हा त्यावर सविस्तर करार झाला. आपल्याकडे कस्टम्स टॅरिफ कायद्याचं 9अ हे कलम आणि 1995 चे नियम आहेत. चौकशी वाणिज्य मंत्रालयाचं खातं करतं, ते शिफारस करतं, आणि शुल्क बसवायचं की नाही ते अर्थ मंत्रालय ठरवतं.

एवढं ऐकल्यावर वाटेल, यात वावगं काय? गोम हिशेबात आहे. हा सगळा डोलारा एका वजाबाकीवर उभा आहे. त्या वजाबाकीत काय धरलं आणि काय सोडलं, यावर उत्तर ठरतं. याची एक खरी गोष्ट सांगते.

भारतातून युरोपात सुती पलंगपोस आणि उशांचे अभ्रे जात. 1997 साली युरोपीय संघानं भारत, पाकिस्तान आणि इजिप्तच्या या मालावर अँटी-डंपिंग शुल्क बसवलं. हिशेब कसा केला? समजा, दोन प्रकारचे पलंगपोस आहेत. पहिला घरी 120 ला, युरोपात 100 ला. म्हणजे डंपिंग 20 रुपयांचं. दुसरा घरी 100 ला, युरोपात 120 ला. इथं उलट 20 रुपये जास्त घेतले. तुम्ही-आम्ही बेरीज केली तर उत्तर शून्य. डंपिंग नाहीच. पण युरोपच्या अधिकाऱ्यांनी पहिल्याचे 20 धरले आणि दुसऱ्याचे वजा 20 पुसून तिथं शून्य लिहिलं. झालं, 220 रुपयांच्या मालावर 20 रुपयांचं, म्हणजे नऊ टक्क्यांचं डंपिंग उभं राहिलं! बचत गटात एखादीनं आपलं येणं तेवढं लिहिलं आणि देण्यापुढे शून्य मांडलं, तर आपण तिला वही हातात देऊ का? या पद्धतीला व्यापाराच्या भाषेत नावही आहे, 'झीरोइंग'.

आणखी एक. यातले बरेच कारखाने हा माल निर्यातीसाठीच बनवत, त्यामुळे घरची किंमत कुठून काढणार? मग उत्पादनखर्चात वरखर्च आणि नफा मिळवून एक किंमत रचली जाते. युरोपनं त्यासाठी मुंबईच्या एकाच मोठ्या कापड कंपनीचे आकडे घेतले आणि तेच बाकीच्या कंपन्यांनाही लावले. मोठ्या घरच्या नफ्याचं माप छोट्याला लावलं की छोटा आपोआप 'पाडून विकणारा' ठरतो.

भारतानं 1998 साली जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. मार्च 2001 मध्ये तिथल्या अपील मंडळानं निर्णय दिला की वजा आकडे शून्य धरणं कराराला सोडून आहे, आणि एकाच कंपनीचा नफा सगळ्यांना लावणंही चूक आहे. त्याच वर्षी युरोपनं भारतीय मालावरच्या या शुल्काची वसुली थांबवली. आपण जिंकलो. पण 1997 ते 2001 ही मधली वर्षं कुठे गेली? परदेशी गिऱ्हाईक निकालाची वाट पाहत बसत नाही, ते दुसऱ्या देशाकडे वळतं. आणि मागणी घटली की आधी घरी बसवलं जातं ते रोजंदारीवर शिवणारीला, घड्या घालणारीला. निकालपत्रात कंपन्यांचे आकडे दशांश चिन्हापर्यंत असतात. या बायकांचे बुडालेले दिवस त्यात मांडलेले नसतात.

आता आपल्या घरात डोकावू. ही गोष्ट सांगताना मलाही वाटलं होतं की श्रीमंत देश गरिबांना असंच पिळतात. पण 1995 पासून आजवर जगात सर्वांत जास्त अँटी-डंपिंग चौकशा सुरू केल्या आहेत त्या भारतानं. इचलकरंजीच्या मावशींच्या कांडीपर्यंत आलेलं शुल्क आपल्याच सरकारचं होतं.

व्हिस्कोस हा लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला तंतू. त्याच्यापासून रेयॉनचं सूत होतं, त्याचं कापड, आणि त्या कापडाचे गाऊन, ओढण्या, ड्रेस, म्हणजे आपणच घेतो तो माल. 2010 साली सरकारनं चीन आणि इंडोनेशियाच्या या तंतूवर अँटी-डंपिंग शुल्क बसवलं. पुढे त्याची मुदत वाढवली आणि ते 2021 च्या ऑगस्टपर्यंत चाललं. देशात हा तंतू बनवणारा मोठा उद्योगसमूह जवळजवळ एकच. सूत कातणारे आणि कापड विणणारे मात्र हजारो. त्यांच्या संघटनांनी शुल्काला विरोध केला, की आमचा कच्चा मालच महाग होतो.

चौकशीत हानी तपासली गेली ती तंतू बनवणाऱ्याची. कारण नियमच तसा आहे. 'देशी उद्योग' म्हणजे तोच माल बनवणारा. सूतगिरणी त्यात नाही, मागवाला नाही, मग कांडीवाली कुठून असणार? तिच्या नावापुढे आधीच शून्य मांडलेलं आहे.

मग शुल्क नकोच, असं मी म्हणते का? नाही. 2003 साली चिनी कच्च्या रेशमावर भारतानं असंच शुल्क बसवलं. कर्नाटकात कोष उकळत्या पाण्यात टाकून धागा काढणाऱ्या कितीतरी बायका आहेत. पाडलेल्या भावाचा माल आला तर त्यांची चूल विझते. पण रेशीम महागलं की येवल्याच्या पैठणी विणकरांच्या घरात ओढाताण होते, आणि तिथंही बायका मागावर बसतातच. दोन्हीकडे आपल्याच बायका. म्हणून 'शुल्क हवं' किंवा 'शुल्क नको' अशी एका शब्दाची घोषणा मला देता येत नाही. प्रत्येक वेळी विचारावं लागतं, हे कुणासाठी, आणि याचा भार शेवटी कुणाच्या पाठीवर?

2021 मध्ये व्हिस्कोसवरचं शुल्क गेलं. नंतर त्या मावशी भेटल्या तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "आता दर वाढला का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "आता म्हणे कापूस महाग झालाय." शुल्क वाढलं की त्याची झळ खाली पोहोचते. शुल्क गेल्याचा फायदा वाटेतच कुणाच्या तरी खिशात जिरतो. याचा अर्थ, फक्त शुल्काशी भांडून मावशींचा दर वाढणार नाही. त्यासाठी किमान वेतनाची आणि संघटनेची लढाई लागणारच. पण दर नाकारताना मालक जे कारण पुढे करतात ते आपल्याला तपासता आलं पाहिजे. त्या दिवशी मला ते आलं असतं, तर त्या बैठकीतून बायका गप्प होऊन उठल्या नसत्या.

शेवटी, काय करता येईल ते सांगते. अशी चौकशी सुरू झाली की राजपत्रात जाहीर सूचना निघते. आपल्या नियमांत, तो माल वापरणारे उद्योग आणि किरकोळ बाजारातल्या मालाच्या बाबतीत ग्राहकांच्या प्रातिनिधिक संघटना यांना माहिती मांडायची संधी द्यावी लागते. हे दार किलकिलं आहे. अमेरिकेच्या कायद्यात कामगार संघटनेलाही शुल्कासाठी अर्ज करता येतो. युरोपात शुल्क बसवण्याआधी माल वापरणाऱ्यांचं आणि ग्राहकांचं हितही तपासावं लागतं. आपल्याकडेही घरी बसून काम करणाऱ्या कामगारांचं म्हणणं चौकशीत ऐकलंच पाहिजे, अशी मागणी आपण करू शकतो.

त्यासाठी पहिली पायरी अगदी साधी आहे. आपापल्या गावात कांडी भरणाऱ्या, शिवणाऱ्या, घड्या घालणाऱ्या बायकांच्या दराची आणि कामाच्या दिवसांची महिन्याच्या महिन्याला नोंद ठेवा. एक वही पुरे. कंपन्या आपली हानी आकड्यांत दाखवतात म्हणून त्यांचं ऐकलं जातं. आपली हानीही लिहून ठेवलेली असू दे.

इचलकरंजीतली वही आम्ही सुरू केली आहे. पहिल्या पानावर त्या मावशींचं नाव आहे, ते त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय.