न भरणारी जखम



दरवर्षी मी आपणांपुढे जमाखर्च मांडतो. या वेळी आरंभी स्वतःविषयी थोडे बोलण्याची अनुमती घेतो.

माझ्या नाकाच्या डाव्या बाजूस मोत्यासारखी चकाकणारी एक बारीक गाठ दोन वर्षे होती. खपली धरे, गळे, पुन्हा धरे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. नित्य डॉक्टरांच्या सहवासात असूनही दाढी करताना झालेली जखम समजून स्वस्थ राहिलो. अखेर आमच्या शल्यचिकित्सकांनीच हटकले. तुकडा तपासणीस गेला आणि ‘बेसल सेल कार्सिनोमा’ असा अहवाल आला. त्वचेचा हा कर्करोग सहसा शरीरात अन्यत्र पसरत नाही. परंतु दुर्लक्ष केल्यास नाकाची कूर्चा, डोळ्याची कड पोखरीत जातो. त्या जागेपुरती भूल देऊन, भोवतालच्या थोड्या निरोगी त्वचेसह गाठ काढली. काढलेल्या भागाच्या कडा रोगमुक्त असल्याचे कळले, तेव्हा कुठे मला झोप लागली.

आपल्या सावळ्या कातडीतील रंगद्रव्य उन्हापासून पुष्कळ संरक्षण देते, म्हणून हा रोग आपल्याकडे कमी आढळतो. कमी म्हणजे मुळीच नाही, असे नव्हे. देणग्यांसाठी अंबड, परतूर, मंठा अशी स्कूटरवरची भटकंती मी वर्षानुवर्षे ऐन दुपारी, उघड्या डोक्याने केली. मोसंबीच्या बागेत आणि कपाशीत राबणाऱ्या आपल्या भगिनी चेहऱ्याभोवती रुमाल बांधतात, लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात. त्या माझ्याहून शहाण्या. ज्यांच्या त्वचेत जन्मतःच रंगद्रव्य नाही, अशा मुलांना तर टोपी, अंगभर कपडे आणि सनस्क्रीन यांवाचून उन्हात पाठवूच नये.

ऊन हे एकमेव कारण मात्र नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली, घट्ट धोतराच्या घर्षणाने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. भाजल्याच्या जुन्या व्रणावरही अनेक वर्षांनी असा रोग उद्भवतो.

माझ्या नाकावरील पट्टी पाहून रोखपालाच्या खिडकीपाशी एका गृहस्थांनी चौकशी केली. मग हळूच म्हणाले, “साहेब, आईच्या पायाला लहानपणी भाजलेलं हाय. तिथली जखम वरीस झालं भरंना. मलम लावतोय.” त्या मातोश्रींची त्याच आठवड्यात तपासणी झाली. निदान त्वचेच्या कर्करोगाचेच होते. शस्त्रक्रिया झाली, पाय वाचला. खर्च निर्धन रुग्ण निधीतून केला.

आता त्याच निधीच्या हिशेबाकडे वळतो.