अंबाजोगाईची शिलामंदिरे



पाषाणाचे एखादे जुने देऊळ दिसले की ते हेमाडपंती आहे असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु श्रीकरणाधिप हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव नृपतींच्या पदरचा, म्हणजे इ. स. १२६० नंतरचा, आणि अंबाजोगाईतील सकलेश्वराच्या, लोकांच्या तोंडी बाराखांबीच्या, देवळातील शिलालेख तर शके ११५० चा, म्हणजे इ. स. १२२८ चा आहे. तेव्हा या वास्तूंचे श्रेय एका प्रधानाच्या खाती टाकण्यापूर्वी त्यांचे दगड काय साक्ष देतात ते ऐकणे न्याय्य होईल.

ती साक्ष प्रथम खोलेश्वराविषयी आहे. सिंघण यादवाचा हा ब्राह्मण सेनापती मोहिमांवर मोहिमा करीत असताही, अंबाजोगाईत देवालये उभारण्यास त्याला अवसर मिळाला. त्याचा पुत्र राम गुर्जर सैन्याशी झालेल्या संग्रामात पतन पावला, आणि त्याच्या स्मरणार्थ मंदिर बांधविले ते त्याची भगिनी लक्ष्मी हिने. शके ११६२ चा लेख हे सांगतो. राजांच्या वंशावळींनी भरलेल्या आपल्या इतिहासात बंधुशोकाने व्याकूळ झालेल्या स्त्रीचे कर्तृत्व असे तिथीवारासह क्वचितच नोंदलेले आढळते.

आता रचनेकडे वळू. आपल्या भागातला काळा पाषाण घडविण्यास कठीण, पण एकदा घडविला की शतकानुशतके धार न सोडणारा. त्याचे चिरे चुन्यावाचून, केवळ खाचा, कुसू आणि स्वतःचा भार यांच्या बळावर एकमेकांत बसविलेले असतात. सभामंडपाच्या छतात प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे काढीत नेऊन मधली पोकळी आक्रसत आणतात, आणि अखेरची शिला ती मिटविते. धर्मापुरीच्या केदारेश्वराच्या बाह्य भिंतींवर सुरसुंदरींची जी शिल्पे आहेत, त्यांच्या पाठीशीही भार तोलण्याचे हेच कसब उभे आहे. पण ज्या सांध्यांवर ही वास्तू उभी असते, त्यांतच पिंपळाचे मूळ शिरले म्हणजे चिरा सरकतो, भार ढळतो, आणि शत्रूच्या घणाने न झालेले काम एक रोपटे करून जाते.

म्हणून बांधणाऱ्याइतकेच महत्त्व सांभाळणाऱ्याला आहे. यादवांनंतर बहमनी, निजामशाही, मोगल आणि आसफजाही असे अंमल बदलले. सनदा आणि दफ्तरे नवी झाली. पण दिवाबत्ती, पूजाअर्चा आणि डागडुजी ही जिथे इनाम जमिनीच्या उत्पन्नातून चालू राहिली, तिथे देऊळही उभे राहिले. परळीच्या वैजनाथाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, तो याच परंपरेतला.

आज ही जबाबदारी केवळ सरकारी खात्यावर टाकून आपली सुटका होणार नाही. तेव्हा माझी विनंती एवढीच: शिल्पांना तैलरंग फासू नका, जुन्या चिऱ्यांच्या फटी सिमेंटने बुजवू नका, भिंतीतले रोप कोवळे असतानाच काढा, आणि शेतात अक्षरे कोरलेला दगड सापडला तर तो उंबऱ्याला न लावता पुरातत्त्व खात्यास वर्दी द्या. लक्ष्मीचे नाव आपणांस कळले ते असाच एक दगड शाबूत राहिला म्हणून.