मुक्काम पोस्ट परळ

आज पदवी घेणाऱ्या मुला-मुलींनो,

या मंडपातून जोतिबाचा डोंगर दिसतो. तुमच्यापैकी बहुतेकांनी चैत्र पौर्णिमेला तो चढलेला असणार. साताऱ्याकडच्या पाडळीची, पाटणच्या विहे गावाची सासनकाठी आधी मानानं येते, मागोमाग बाकीच्या काठ्या आणि लाखो माणसं. त्या दिवसांत डोंगरावरच्या वाडी रत्नागिरीत कुणी उपाशी झोपत नाही. गायमुखाजवळ अन्नछत्र चालतं, पुजाऱ्यांच्या घरात सोप्यापासून माडीपर्यंत यात्रेकरू उतरतात, कोल्हापूरची मेकॅनिक मंडळी डोंगराच्या वाटेवर बसून अनोळखी माणसांच्या मोटारसायकलींची पंक्चर फुकट काढतात. जात, गाव, ऐपत कुणी विचारत नाही. एवढंच विचारतात, 'जेवला का? उतरलाय कुठं?'

मी याच डोंगरावर वाढले. पुढं समाजकार्याचं शिक्षण घेऊन मुंबईला परळमध्ये आजारी मुलांच्या कुटुंबांसाठी काम करू लागले. 'उतरलाय कुठं?' हा प्रश्न तिथं माझ्या रोजच्या कामाचा झाला. आज मी त्याच प्रश्नाबद्दल बोलणार आहे.

कोल्हापूरहून रोज रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस सुटते. कुठल्याही दिवशी तिच्यात एखादं तरी कुटुंब असं सापडेल, ज्याच्याकडं कपड्यांच्या पिशवीपेक्षा कागदांची पिशवी जास्त जपलेली असते. आत रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफीच्या फिल्मा, कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातल्या डॉक्टरांची चिठ्ठी, रेशनकार्डाच्या झेरॉक्स. शेजारी तोंडाला मास्क लावलेलं पाच-सहा वर्षांचं पोर. सकाळी ही मंडळी दादरला उतरतात आणि परळचा रस्ता विचारतात. परळमध्ये चालत जाण्याच्या अंतरावर केईएम आहे, मुलांसाठी 1929 साली सुरू झालेलं वाडिया रुग्णालय आहे आणि 1941 पासून कॅन्सरवर उपचार करणारं टाटा मेमोरियल आहे. देशातले उत्तम डॉक्टर तिथं आहेत आणि गरिबाच्या मुलालाही ते तितक्याच मनापासून तपासतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण ओपीडीतून बाहेर पडल्यावर संध्याकाळ होते. मुंबईत खोलीचं एका रात्रीचं भाडं शेतमजुराच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीएवढं असतं. मग माणसं फुटपाथवर प्लास्टिक बांधतात. टाटाच्या आसपास अशी प्लास्टिकं वर्षानुवर्षं दिसत आलीत.

एक-दोन रात्रींचा प्रश्न असता तर माणसानं त्या कशाही काढल्या असत्या. पण मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर रक्ताचा असतो, आणि त्यातल्या नेहमीच्या प्रकाराचा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो. त्यातले पहिले काही महिने फार कडक. केमोनंतर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत मुलाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या घटतात की शरीरात लढायला कुणी उरत नाही. त्या काळात ताप आला तर सलाईनमधून अँटिबायोटिक तासाभराच्या आत सुरू व्हायला हवं. आता विचार करा. शाहूवाडीच्या वाडीवस्तीवर रात्री दोन वाजता पोराला ताप चढला, तर परळ किती लांब? आणि परळमध्येच, पण गटाराशेजारच्या फुटपाथवर ते पोर असलं, तर त्याला ताप येणार नाही असं कुठला डॉक्टर छातीठोक सांगेल? दवाखान्याजवळची स्वच्छ खोली, उकळलेलं पाणी, ताजं शिजवलेलं अन्न हा उपचाराचाच भाग आहे. प्रिस्क्रिप्शनवर तो लिहिलेला नसतो आणि औषधाच्या दुकानात मिळत नाही, एवढंच.

ही सोय नसली की काय होतं, ते आकड्यांतही दिसतं. 2009 च्या सुमारास टाटामध्ये आलेल्या दर पाच मुलांमागं जवळजवळ एकाचे उपचार सुरूच होत नसत किंवा मधेच सुटत. ही मुलं औषधाला दाद देत नव्हती असं नाही. बापाची मजुरी बुडत होती, घरी दुसरं लेकरू आजीच्या गळ्यात पडून होतं, गाय विकून आणलेले पैसे संपले होते. मग एका सकाळी ते कुटुंब गावची गाडी धरायचं आणि पुन्हा दिसायचं नाही. त्यानंतरच्या वर्षांत तिथल्या बालकर्करोग विभागानं औषधांच्या मदतीच्या जोडीला राहणं, जेवण, समुपदेशन आणि न आलेल्या कुटुंबांना फोन करून परत बोलावणं, हे सगळं एकत्र बांधलं. 2016 पर्यंत अर्धवट सुटणाऱ्या उपचारांचं प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास आलं. औषध तेच, आजार तोच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी 80 टक्क्यांहून अधिक बरी होतात आणि अनेक गरीब देशांत 30 टक्के सुद्धा होत नाहीत. त्या दरीच्या कारणांमध्ये उशिरा झालेल्या निदानाबरोबरच अर्धवट सोडलेला उपचार आहे. तो थांबवायला नवा शोध लागत नाही.

हे कोल्हापूरकरांना समजावून सांगायची खरं तर गरज नाही. शाहू महाराजांनी हे शंभरहून जास्त वर्षांपूर्वी ओळखलं होतं. शाळा-कॉलेजं कोल्हापुरात होती, फी माफ करता येत होती, तरी खेड्यातला मुलगा शिकत नव्हता, कारण तो रात्री झोपणार कुठं आणि भाकरी खाणार कुणाकडं? 18 एप्रिल 1901 रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. पुढं मुस्लिम बोर्डिंग 1906 मध्ये, अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह 1908 मध्ये, आणि मग एकामागून एक वसतिगृहांची रांगच उभी राहिली. इथल्याच बोर्डिंगमध्ये राहून गेलेल्या भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढून तीच गोष्ट खेडोपाडी नेली. महाराजांनी नुसती शाळा बांधून कर्तव्य संपलं असं मानलं असतं, तर आज इथं बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या पणजोबांना अक्षरओळख झाली नसती. शाळेला जसं वसतिगृह, तसं रुग्णालयाला नातेवाइकांचं घर. आपण पहिली गोष्ट शिकलो आणि दुसरीपाशी थबकलो, याचं मला वाईट वाटतं.

अर्थात सगळेच थबकले नाहीत. गाडगेबाबा पंढरपूर, नाशिक, आळंदी असं जिथं गरीब जमतो तिथं धर्मशाळा बांधत गेले. यात्रेकरूच्या डोक्यावर छप्पर हवं, हे त्यांचं साधं गणित होतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आज उतरतात ते बहुतेक टाटाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक. बाबांच्या नावाचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. परळमध्येच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. 1968 मध्ये स्थापन झालेली ही संस्था बाहेरगावच्या रुग्णांना नाममात्र पैशांत ठेवून घेते. 2006 मध्ये श्यामा आणि निहाल कविरत्ने या दांपत्यानं खास कॅन्सर झालेल्या मुलांसाठी सेंट ज्यूड नावानं काम सुरू केलं. सुरुवात फक्त आठ कुटुंबांच्या जागेपासून होती. आज कॉटन ग्रीन, खारघर आणि देशातल्या अनेक शहरांत त्यांची केंद्रं आहेत. राहणं फुकट, दवाखान्यात न्यायला गाडी, शिधा, मुलांना शिकवायला माणसं.

अमेरिकेतही हे असंच घडलं. फिलाडेल्फियात फ्रेड हिल नावाच्या फुटबॉल खेळाडूच्या लहान मुलीला रक्ताचा कॅन्सर झाला. तो आणि त्याची बायको दवाखान्याच्या खुर्च्यांवर रात्री काढत. आपल्यासारखेच बाकीचेही आईबाप इथं बसून आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं. डॉ. ऑड्री इव्हान्स या बालरोगतज्ज्ञ बाईंना तर अशा घराची कल्पना कधीपासून सतावत होती. 1974 मध्ये तिथं पहिलं रोनाल्ड मॅक्डोनाल्ड हाऊस उघडलं आणि आता तशी घरं जगभर आहेत. श्रीमंत देशातल्या खेळाडूलाही मुलीच्या दवाखान्याजवळ रात्री पाठ टेकायला जागा नव्हती, हे मी मुद्दाम सांगते. परगावी आजारी मुलाला घेऊन बसलेला माणूस, मग तो कुणीही असो, त्या रात्रीपुरता निराधारच असतो.

आपल्याकडच्या अशा घरातलं स्वयंपाकघर तुम्ही एकदा पाहावं असं मला फार वाटतं. ओट्यांची रांग असते, प्रत्येक कुटुंबाला आपली शेगडी, आपलं कपाट. एका ओट्यावर बंगालची आई भात चढवते, शेजारी बिहारची बाई पोळ्या लाटते, त्यापलीकडं आपल्या गडहिंग्लजची कुणी भाकरी थापते. केमोनं मुलाच्या तोंडात फोड येतात, मग कोल्हापुरी चटणीवर वाढलेलं पोर आईकडं रुसून बघतं आणि तिला मऊ भातात तूप कालवून एकेक घास भरवावा लागतो. काय पचतं, काय उलटून पडतं, हे तिला शेजारच्या ओट्यावरची बाई शिकवते, भाषा येत नसताना. सहा महिने आधी आलेल्या मुलाच्या डोक्यावर पुन्हा केस उगवताना बघून नव्यानं आलेल्या बापाच्या चेहऱ्यात जो फरक पडतो, तो मी कुठल्याही समुपदेशनानं पडलेला पाहिला नाही. आईबाप एकमेकांना सांभाळतात. आपण फक्त त्यांना एकत्र बसायला जागा द्यायची असते.

आता पैशाबद्दल स्पष्ट बोलते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के सवलतीच्या दरात राखून ठेवायची तरतूद आहे, मुख्यमंत्री सहायता निधी आहे. रेल्वे कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत देते, सोबतच्या एका माणसाला त्याच वर्गांत 75 टक्के. या सगळ्या गोष्टी पुष्कळ लढून मिळालेल्या आहेत आणि मोलाच्या आहेत. पण बघा, योजना दवाखान्याचं बिल भरते. बापाची बुडालेली मजुरी, भावंडाची शाळेची वही, दोन वेळचं दूध आणि रात्रीचं छप्पर कुठल्याच अर्जात बसत नाही. तिथंच समाजाची जागा आहे.

आणि समाज म्हणून आपण देतोही, पण आपल्याला आवडतं तिथं देतो. ऑपरेशनसाठी अमुक लाख हवेत म्हटलं, सोबत रडणाऱ्या मुलाचा फोटो आला, की मोबाईलवरून पैसे जातात. धर्मशाळेचं वीजबिल, सफाई करणाऱ्या मावशीचा पगार, गळक्या टाकीची दुरुस्ती यासाठी मागितलं की माणसं गप्प होतात. मुलाला जंतुसंसर्गापासून वाचवते ती मावशीच. तिचा पगार हा 'प्रशासकीय खर्च' म्हणून कमी करा असं सांगणारे देणगीदार मी पुष्कळ ऐकलेत आणि मला त्यांचं म्हणणं कधीच पटलं नाही. फोटोबद्दलही माझं मत पक्कं आहे. टक्कल पडलेल्या, नाकात नळी घातलेल्या मुलाचा चेहरा जगभर फिरवून पैसे गोळा करू नयेत. ते मूल बरं होणार आहे, शाळेत जाणार आहे, आणि त्याच्या वर्गातल्या कुणाच्या तरी मोबाईलमध्ये तो फोटो असणार आहे.

मुंबईचं बोलले म्हणून इथला विचार सुटायला नको. सीपीआरमध्ये सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि बेळगावकडून माणसं येतात. गगनबावडा आणि शाहूवाडीच्या डोंगरातल्या माणसाला कोल्हापूर हेच लांबचं शहर आहे. कुणाचं मूल काचेच्या पेटीत असतं, आणि नुकतीच बाळंत झालेली बाई बाहेर बाकावर बसून असते. त्या माणसांसाठी आपल्याकडं पुरेशा खोल्या असायला हव्यात. चैत्रात लाखांचं जेवण उभं करणाऱ्या मुलखाला पन्नास कुटुंबांची बाराही महिने सोय जड नाही. मंडळं आहेत, तालमी आहेत, दूध संघ आहेत, देवस्थानं आहेत. फक्त हा खर्च कुणी तरी मागायला हवा, आणि दरवर्षी मागायला हवा.

तुमच्यात स्थापत्य अभियंते आहेत. भिंतीला ओल येणार नाही आणि हवा खेळती राहील अशी चाळीस खोल्यांची इमारत कमी पैशांत कशी उभी राहते, हे तुम्ही काढून द्या. वाणिज्य शाखेची मुलं आहेत, अशा बहुतेक संस्थांना हिशेब चोख ठेवणारा माणूस मिळत नाही आणि त्यापायी त्या देणगीदार गमावतात. बी.एड. झालेल्यांना विशेष सांगते, दोन वर्षं शाळा बुडालेलं मूल आजारातून उठतं आणि अभ्यासात हरवतं. त्याच्या बिछान्याशेजारी बसून गणित शिकवणारी ताई त्याला किती हवी असते, ते बघायला एकदा या. परिचारिका होणाऱ्या मुलींनो, मुलाला घरी सोडताना 'पुढच्या मंगळवारी या' एवढ्यावर थांबू नका. तोपर्यंत राहणार कुठं, हेही विचारा, आणि उत्तर नीट ऐका.

तुमच्यातले बरेच जण आता पुण्या-मुंबईला नोकरीला निघालात. केमो घेणाऱ्या मुलाला वारंवार प्लेटलेट्स लागतात, आणि पिशवीतल्या प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, त्यामुळं साठवून भागत नाही. गावाकडच्या कुटुंबाचे भाऊबंद, मित्र, मेहुणे सगळे तीन-चारशे किलोमीटरवर असतात, रक्तपेढीत रांग लावायला त्यांच्याकडं माणसंच नसतात. तुम्ही अठरा वर्षांच्या पुढचे आहात, धडधाकट आहात. पहिला पगार व्हायच्या आधी, एखाद्या रविवारी, मोठ्या रुग्णालयाच्या रक्तपेढीत जा, तपासणी करून घ्या आणि आपला रक्तगट व फोन नंबर तिथल्या वहीत लिहून या. फोन बहुतेक ऑफिसच्या वेळेत येतो. साहेबांना सांगून जा. दीड-दोन तास लागतात.