विजेचे दर आणि विधिमंडळाचा अधिकार



भिवंडीचा यंत्रमागधारक, ऊस भिजवणारा शेतकरी आणि चाळीतला भाडेकरू या सर्वांचे विजेचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो. १९९८ च्या केंद्रीय कायद्यान्वये १९९९ साली हा आयोग स्थापन झाला. दरवाढीच्या प्रस्तावावर लोकांच्या हरकती ऐकणे त्याला भाग आहे, ही मोठीच प्राप्ती होय. डिसेंबर १९९३ मध्ये वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाशी करार केला, तो गोपनीयतेच्या पडद्याआड. बोजा मंडळावर पडला आणि २००१ मध्ये प्रकल्पच बंद पडला. तेव्हा आयोग नको, असे कोणताही शहाणा समाजवादी म्हणणार नाही.

प्रश्न आयोगाच्या उत्तरदायित्वाचा आहे. आयोग केवळ निवाडे देत नाही, तो विनियम करतो. कंपनीला भांडवलावर किती परतावा मिळावा, हे त्यातच ठरते. म्हणजे हा एक प्रकारचा कायदाच झाला. आता २००३ च्या विद्युत अधिनियमातील दोन कलमे शेजारी ठेवून पाहावीत. केंद्रीय आयोगाचे विनियम कलम १७९ प्रमाणे संसदेपुढे ३० दिवस राहतात. दोन्ही सभागृहे सहमत झाल्यास ते बदलता किंवा रद्द करता येतात. राज्य आयोगाचे विनियम कलम १८२ प्रमाणे विधिमंडळापुढे नुसते ठेवावयाचे. ठेवले की संपले! बदलाचा अधिकार त्या कलमात नाही. उलट कलम १०८ अन्वये लोकहिताच्या धोरणाबाबत आयोगाला निर्देश देण्याची मुभा राज्य सरकारला आहे. जे मंत्रालयाला मिळाले, ते सभागृहाला मिळाले नाही.

आमदार मतांसाठी दर पाडतील, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच पोकळ नव्हे. एखाद्या कंपनीच्या वा ग्राहकाच्या दाव्यात सभागृहाने पडूच नये. सवलत द्यावयाची तर कलम ६५ प्रमाणे सरकारने रक्कम आगाऊ भरावी. परंतु सर्वांना लागू होणारा नियम तपासणे ही ढवळाढवळ कशी?

वीज हा विषय समवर्ती सूचीत आहे. राष्ट्रपतींच्या संमतीने कलम १८२ मध्ये राज्यापुरती दुरुस्ती करता येते. ती मागणी पक्षाने लावून धरावी. तोवर आयोगाचा वार्षिक अहवाल पटलावर येताच त्यावर चर्चा मागण्यास लोकप्रतिनिधींना भाग पाडावे. शाखांनी दरवाढीच्या जाहीर नोटिसा वाचून लेखी हरकती नोंदवाव्यात आणि त्यांची एक प्रत अधिवेशनापूर्वी स्थानिक आमदाराच्या हाती द्यावी.