चित्र कोणाच्या कामाचें?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें व्याख्यान)



सभेला येतांना एका सुतार बांधवानें आम्हांस वाटेंत गांठलें व विचारिलें, "पोरगा फळीवर रंधा मारायचा सोडून तिच्यावर चित्रें काढीत बसतो. हे श्रीमंतांचे चोचले आमच्या काय कामाचे?" आज दुसऱ्याच विषयावर बोलावें असें मनांत होतें, पण हा प्रश्न पुष्कळ घरांतला आहे, म्हणून त्याचेंच उत्तर देतों.

चित्र श्रीमंतांचें, हेंच मुळीं खोटें आहे. बेंदराला बैलांचीं शिंगें कोण रंगवितो? नागपंचमीला भिंतीवर नाग कोण काढतें? उंबऱ्यापुढची रांगोळी, नव्या गाडीवरचीं फुलें, हें सारें आमच्याच हातचें. त्यास कोणी कला म्हणत नाहीं, कारण त्याचे पैसे पडत नाहींत आणि खालीं कोणाची सही नसते.

पालघर जिल्ह्यांत डहाणू-तलासरीकडे वारली लोकांची वस्ती आहे. त्यांच्यांत लग्न लागावयाचें तर आधीं घरांतल्या भिंतीवर चौक निघावा लागतो. भिंत शेणानें सारवून गेरूनें लाल करतात. तांदूळ वाटून त्याचें पीठ पाण्यांत कालवितात, बांबूच्या काडीचें टोक चावून मऊ करितात, कीं झाला रंग आणि झाला कुंचला. सवाशिणी मिळून चौक काढितात. मध्यें पालघट देवी, भोंवतीं झाडें, जनावरें, माणसें. मग धवलेरी म्हणून एक बाई असते, ती गाणीं म्हणून लग्न लावते. भटजीची वाट पाहावी लागत नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८७३ मध्यें सत्यशोधक समाज काढून भटाविना लग्नें लावलीं तेव्हां केवढी ओरड झाली! डोंगरांतल्या ह्या बायांच्या घरीं मात्र बाईनें लग्न लावणें ही रीतच होती. तेव्हां तें चित्र नुसती शोभा नव्हे. लग्नाची साक्षच म्हणा ना.

पुढें १९७० नंतरच्या वर्षांत हें चित्र भिंतीवरून कागदावर आलें. गंजाड गांवचे जिव्या सोमा म्हसे लहानपणीं आई गेल्यावर बोलेनासे झाले होते. मनांतलें सांगावयाचें तें धुळींत रेघा ओढून सांगत. त्यांनीं बायकांचा हा हात उचलला आणि लग्नापुरतें असलेलें चित्र रोजचें केलें. त्यांत शेत आलें, मासेमारीचें जाळें आलें, तारप्याभोंवतींचा नाच आला. १९८९ मध्यें त्यांचें काम पॅरिसच्या प्रदर्शनांत मांडलें गेलें, २०११ मध्यें पद्मश्री मिळाली, २०१८ मध्यें ते वारले. त्यांचा आम्हांस अभिमान आहे. पण ज्या सवाशिणींच्या बोटांतून हें चित्र पिढ्यान्‌पिढ्या आलें, त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं? भटशाहीनें आमचें नांव पुसलें म्हणून आम्ही सभा भरवितों. आमच्या घरांतल्या बायांचें नांव आम्हीं पुसलें, त्याची सभा कोठें भरवावी? ही गोष्ट ऐकावयास कडू लागेल, पण ऐकाच.

चित्राचा दुसरा उपयोग पाहा. राजा रविवर्मा यांनीं १८९४ मध्यें मुंबईस छापखाना घातला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्यांतून निघालेल्या रंगीत तसबिरींमुळें लक्ष्मी-सरस्वती गरिबाच्या भिंतीवर आली. ज्यास देवळाच्या पायरीवर उभें करीत नसत, त्याच्याही घरांत खिळ्याला देव टांगला गेला. तेथें कोणाचा विटाळ मानावा? हा लाभ लहान नव्हे. पण त्याच तसबिरींनीं देव म्हणजे गोरा आणि दागिन्यांनीं मढलेला, हेंही आमच्या पोरांच्या डोळ्यांत भरविलें. शेतांत राबून काळवंडलेली आपली आई त्यांना देवीसारखी दिसेनाशी झाली. चित्र असें दुधारी असतें.

आतां कोल्हापूरकडे वळूं, कारण सुतार बांधवाचें खरें उत्तर तेथें आहे. बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० मध्यें तेथें कारागीर घराण्यांत झाला. कोणत्याही कलाशाळेंत ते गेले नाहींत. चुलतबंधु आनंदराव यांच्याबरोबर ते नाटकांचे पडदे रंगवीत, आणि लोक त्यांस 'पेंटर' म्हणूं लागले. धंद्याचें नांव हेंच आडनांव झालें. आमच्या लोकांस धंद्यावरून हिणवीत आले; येथें तोच धंदा छातीवर बिल्ल्यासारखा मिरविला गेला! आनंदराव १९१६ मध्यें गेले, तरी बाबूराव थांबले नाहींत. चित्रपट काढण्यासाठीं लागणारा कॅमेरा त्यांनीं व त्यांच्या साथीदारांनीं कोल्हापुरांतच बनविला. तानीबाई कागलकर यांनीं भांडवल घातलें, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्यें 'सैरंध्री' पडद्यावर आला. चित्रपटाच्या जाहिरातीचीं मोठालीं चित्रेंही ते स्वतः रंगवीत.

१९२५ मध्यें त्यांनीं 'सावकारी पाश' काढला. सावकार खोट्या कागदाच्या जोरावर शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि तो बिचारा शहरांत गिरणीची वाट धरतो, एवढीच कथा. ती कोणत्या गांवांत घडली नव्हती? फरक इतकाच, कीं ज्याला कागद वाचतां आला नाहीं म्हणून तो बुडाला, त्याला हें चित्र वाचतां येत होतें. वाणी नसलेला मूकपट मुक्या शेतकऱ्याची कैफियत मांडीत होता.

कुंचल्यावर पोट भरेल असें वचन आम्ही देत नाहीं. पाट्या रंगविणारांचें काम फ्लेक्सच्या यंत्रानें खाल्लें, हें आपण बाजारपेठेंत पाहतच आहां. म्हणून दादा, पोराच्या हातचा रंधा सोडवूं नका. पण कोळसाही हिसकावूं नका. सरकारी कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट ह्या रेखाकला परीक्षा शाळेमार्फत देतां येतात, त्यांस त्याला बसवा. त्याची बहीण दारांत रांगोळी काढते असें आपणच बोलतां बोलतां म्हणालां, तिलाही बसवा. कोणाचें काम घेतलें तर मजुरी आधीं ठरवून घ्यावी आणि कोपऱ्यांत आपलें नांव घालावें, हें दोघांनाही शिकवा.

आणि ती फळी रंधून टाकली नसेल तर सभा संपल्यावर घेऊन या. आम्हांस पाहावयाची आहे.